सीझन संपेपर्यंत

अझैबा, मस्कत, २५ ऑगस्ट

आशू,

हे पत्र क्लबच्या पत्त्यावर पाठवतेय, कारण तुझा दुसरा पत्ता माझ्याकडे नाही. पाकिटावर तुझं नाव आणि खाली ‘मेडिकल स्टाफ’ एवढं इंग्रजीत लिहिलंय. आत मराठी आहे, त्यामुळे कुणी चुकून उघडलं तरी काही बिघडत नाही.

तुला मी शोधलं नाही. जहूरचाचांनी शोधलं. सीबच्या बाजारात, सूकमध्ये, ओमानींचे पायघोळ झगे, दिशदाशा, शिवायचे ते, बाबांचे मस्कतमधले पहिले रूममेट. आता दुकान मुलगा बघतो आणि चाचा गल्ल्यामागे बसून दिवसभर फुटबॉल बघतात. गेल्या रविवारी फ्रान्सची मॅच लागली होती. यंदाच वरच्या लीगमध्ये आलेली एक टीम लियाँशी खेळत होती. एक खेळाडू पडला, दोघं बॅगा घेऊन मैदानात धावले, आणि त्यातला एक तू होतास. चाचा टॅक्सी करून थेट आमच्याकडे आले. बाबा ओट्यापाशी भेंडी चिरत होते.

“नंदू, तुजा आशुतोष टीव्हीवर हाय,” चाचा दारातूनच म्हणाले.

बाबांनी सुरी खाली ठेवली नाही. “कुठला आशुतोष?”

चाचा माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, बसा चाचा, चहा टाकते. ते बसले नाहीत. “दाढी ठेवलीन. पन चाल तीच. पोरगा पडला तवा पयला धावला तो.”

“चुकला असशील तू,” बाबा म्हणाले, आणि पुढची भेंडी घेतली.

मंगळवारी मी शाळेतून आले तर टीव्हीखाली नवा बॉक्स. स्पोर्ट्सची सगळी चॅनेल्स घेतली होती. मी विचारायच्या आत बाबा म्हणाले, “क्रिकेट बघायला.” बाबा क्रिकेट बघत नाहीत हे तुलाही माहीत आहे.

आज मीही तुला पाहिलं. बाकाच्या टोकाला बसला होतास, हातात पाण्याची बाटली. कॅमेरा लगेच फिरला. पाच वर्षांत तुझा एक फोटोसुद्धा मिळाला नव्हता मला, त्यामुळे तेवढंही खूप झालं.

काही मागायला लिहीत नाहीये. आम्ही बरे आहोत. बाबा बरे आहेत. मी अजून त्याच शाळेत बायॉलॉजी शिकवते. तुझ्या धनंजय भावोजींचं मात्र विचारू नकोस.

मधूताई


अझैबा, १२ ऑक्टोबर

आशू,

उत्तर आलं नाही म्हणजे पत्र पोचलं नाही असं धरून पुन्हा लिहितेय.

आमच्याकडे आता तुमच्या मॅचची संध्याकाळ ठरलेली असते. चाचा सीबहून येतात, येताना सूकमधला हलवा आणतात. कॉमेंट्री अरबी असते, ती चाचा आम्हाला सांगतात. बाबांना ऑफसाइड अजून कळलेला नाही. गोल झाला तर ते चाचांकडे बघतात, आपला की त्यांचा. बहुतेक वेळा त्यांचाच असतो. तुम्ही खालून तिसरे आहात. अठरा टीम्समधल्या शेवटच्या दोन थेट खाली जातात आणि खालून तिसऱ्याला आणखी एक परीक्षा द्यावी लागते, हे आता माझ्या दहावीच्या मुलांनाही मी सांगू शकेन.

पण बाबा बसतात ते गोलसाठी नाही. तुमचा कुणी पडला की ते खुर्चीत पुढे सरकतात. तो उठून पळायला लागला की पुन्हा मागे टेकतात. परवा चाचा चिडले.

“दुसऱ्याचा पोर पडावा म्हणून बसतोस, नंदू? लाज वाटत नाय?”

बाबांनी जरा विचार केला. “फार लागू नये,” म्हणाले. “थोडं लागावं.”

तुमचा सहा नंबर त्यांचा लाडका आहे. तो सारखा पडतो, आणि त्याला उठवायला बहुतेक तूच येतोस. त्याचं नाव बाबांना उच्चारता येत नाही. तुझं येतं, पण ते घेत नाहीत. ‘तो’ म्हणतात. “आज तो दिसला नाही.” “आज त्याने कानटोपी घातलीय, थंडी पडली असणार तिकडे.”

बाबा थोडे वाळलेत. इथला उन्हाळा यंदा लांबला, जेवण जात नव्हतं कुणालाच. मागच्या आठवड्यात मी दोन दिवस रजा घेतली होती, त्यांचं जरा काम होतं बाहेर. बाकी ठीक.

मधूताई


अझैबा, ७ डिसेंबर

आशू,

तुझं कार्ड मिळालं. शाळेच्या पत्त्यावर पाठवलंस ते बरं केलंस. स्टाफरूममध्ये वाचता वाचता मला रडू आलं, तेव्हा सुगंधा मॅडमना सांगितलं की कांद्याचा डबा उघडलाय. त्यांनी ते मान्य केलं.

‘ताई, मी ठीक आहे. बाबा अजून तसंच म्हणतात का?’

एवढंच लिहिलंस. तर नाही, आशू. बाबा ते पुन्हा कधीही म्हणालेले नाहीत. त्या दिवशीनंतर आईबद्दलच ते बोललेले नाहीत.

हॉस्पिटलमध्ये मी तिथेच उभी होते. तू कपाळाला पट्टी बांधून बाकावर बसला होतास. तू आईला गाडीने घेऊन सोहारहून परत येताना खाबुऱ्याच्या अलीकडे टायर फुटला, गाडी दुभाजकावरून पलीकडे गेली, आणि आई ज्या बाजूला बसली होती तीच बाजू आपटली. पोलिसांनी नंतर स्पष्ट सांगितलं की चालवणाऱ्याची चूक नाही. पण बाबा आले ते पोलिसांना भेटायच्या आधी तुझ्यासमोर आले, आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “विद्याला तू मारलंस.”

मी खूप विचार केलाय यावर. बाबांनी आयुष्यभर बंदरात सेफ्टीचं काम केलं. क्रेनखाली माणूस सापडला की कुणाचं चुकलं ते शोधून काढायचं, हाच त्यांचा धंदा. अपघात हा शब्द त्यांना चालतच नसे. तेव्हा समोर तू होतास. मी त्यांची बाजू घेत नाहीये. मी तेव्हा गप्प राहिले नाही, तू पॅरिसच्या विमानात बसल्यावर त्यांच्याशी महिनाभर बोलले नाही. त्याचा उपयोग कुणालाच झाला नाही.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. धनंजय पुण्याला परत गेला. कायमचा. बाबांना सोडून मी निघेना, हे त्याने दिलेलं कारण. खरी कारणं आणखी होती. मी बरी आहे.

तुझं कार्ड बाबांना दाखवलं नाही, शाळेच्या पत्त्यावर पाठवलंस त्याचा अर्थ मी तोच घेतला. पण त्या संध्याकाळी त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

ताई


अझैबा, १९ जानेवारी

आशू,

आतापर्यंत मी लिहिलं ते सगळं खरं नव्हतं. बाबा बरे नाहीत. ऑक्टोबरमध्ये त्या दोन दिवसांत त्यांच्या तपासण्या केल्या. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, आणि कळला तेव्हाच यकृतापर्यंत गेलेला होता. ऑपरेशन होणार नाही. केमोचे काही डोस घेतले, मग बाबांनीच डॉक्टरांना सांगितलं, “खलास. आता नको.”

तुला का कळवलं नाही? कारण त्यांनी मला शब्द द्यायला लावला. तुला मी लिहिते हे त्यांना माहीत आहे. कसं कळलं विचारलं तर म्हणाले, “पोस्टाची तिकिटं आणतेस तू. आजकाल कोण आणतं?”

त्या दिवशी आमचं भांडण झालं.

“त्याला कळवायचं नाही,” म्हणाले.

“का? तो मुलगा आहे तुमचा.”

“टीम तळात आहे. तिथे पंचवीस पोरांचे पाय ह्याच्या हातात आहेत. ह्याचं लक्ष इकडे लागलं आणि तिकडे एखाद्याचं आयुष्याचं नुकसान झालं तर?”

“बाबा, फुटबॉल आहे तो.”

“काम आहे ते,” म्हणाले. “कामावर असताना माणसाला घरची बातमी द्यायची नाही. मी कधी देऊ दिली नाही साइटवर. क्रेनवरच्या माणसाला तर नाहीच.”

मी म्हटलं, तुम्ही त्याला एकदा फोन करा, बाकी मी बघते. त्यावर त्यांनी रिमोट उचलला, पुन्हा खाली ठेवला. मग म्हणाले, “मी जे बोललो ते बोललो. ते परत कसं घ्यायचं, मला येत नाही मधू.”

मी आज शब्द मोडलाय. माझा नंबर खाली लिहिलाय. फोन कर. आणि ये.

ताई


अझैबा, २३ फेब्रुवारी

आशू,

तुला परवा फोनवर दिसलं नसेल, म्हणून लिहितेय.

शुक्रवार होता, जेवणं झाली होती. तुझा आवाज ऐकला आणि मला काही सुचेना. मी फोन स्पीकरवर टाकून सरळ बाबांच्या हातात दिला. “कोण आहे?” त्यांनी मला खुणेनं विचारलं.  तिकडून तू म्हणालास, “बाबा.”

बाबांनी फोन दोन्ही हातांनी धरला.  मला वाटलं आता रडतील, किंवा फोन ठेवून देतील. आणि ते म्हणाले, “सहा नंबरचा डावा पाय बरा नाहीये.”

मी फोन त्यांच्या तोंडाजवळ सरकवला.

“उडी मारून खाली येताना तो टाच टेकवत नाही,” बाबा म्हणाले. “तीन मॅच झाल्या बघतोय मी.”

तेव्हा तू म्हणालास, “हो बाबा. टाचेचा टेंडन आहे. मी सांगितलंय कोचना, त्याला विश्रांती द्या म्हणून. ऐकत नाहीत. दुसरा माणूस नाही म्हणतात.”

“पुन्हा सांग.”

“सांगतो.”

“रोज सांग. कंटाळतील, पण सांग.”

मग तू विचारलंस, “तुम्ही कसे आहात?” आणि ते म्हणाले, “मी आहे.” पुढचं तुला माहीत आहे. तू म्हणालास, येऊ का, आणि त्यांनी तुला कामावर ओरडल्यासारखं ओरडून सांगितलं, “सीझन संपेपर्यंत तिथून हलायचं नाही. ऐकतोयस ना?” आणि तू म्हणालास, “हो, बाबा.”

फोन ठेवल्यावर ते वाटीभर मऊ भात जेवले. कित्येक दिवसांत इतकं जेवले नव्हते. चाचा आल्यावर त्यांना म्हणाले, “आज त्याच्याशी बोललो. टेंडन आहे म्हणाला. माझा अंदाज बरोबर होता.” चाचांनी त्यांना घट्ट मिठी मारली, आणि मग घाबरून सोडलं, कारण आत हाडंच लागली.

ते सगळं छान झालं, आशू. पण तू हो का म्हणालास? इतकी वर्षं त्यांचं एक ऐकलं नाहीस आणि आता नेमकं हे ऐकणार? मी तुझी मोठी बहीण म्हणून सांगतेय, ऐकू नकोस. ये.

ताई


अझैबा, ६ एप्रिल

आशू,

फोनवर मी बोलले की तू गप्प होतोस, आणि बाबा पलीकडच्या खोलीत असतात. म्हणून पुन्हा कागदच. या वेळी कुरियरने पाठवतेय.

काल आम्ही तिघांनी ते पाहिलं. सहा नंबरच्या आसपास कुणीही नव्हतं. तो पळायला निघाला आणि मागून कुणी लाथ मारल्यासारखा वळून बघत खाली बसला. चाचा म्हणाले, काय झालं, कोणी मारलंन? बाबा म्हणाले, “तुटला.” रेफ्रीने शिटी वाजवायच्या आधी तू मैदानात होतास. कॅमेरा बराच वेळ तुमच्यावर होता. तुझा एक हात त्याच्या पोटरीवर आणि एक त्याच्या कपाळावर, आणि तो तोंड झाकून रडत होता. तूही काहीतरी बोलत होतास त्याच्याशी. उठून जाताना तू कोचच्या अंगावर धावून जाशील असं मला वाटलं. तू नुसतं बघितलंस त्यांच्याकडे. ते बघणं मला ओळखीचं वाटलं, बाबांचंच.

बाबा म्हणाले, “धरलाय कसा बघ त्याला. कसा धरलाय.”

मग टीव्ही बंद कर म्हणाले. मॅच संपली नव्हती. चाचा आणि मी बसून राहिलो. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता.

“मी तसं बोलायला नको होतं,” बाबा म्हणाले.

“कोणाला?” चाचांनी विचारलं. त्यांना माहीत होतं कोणाला.

“त्याला. टायर फुटला होता. कुणीच काही केलं नव्हतं.”

“मग लाव फोन. आताच लाव. यल्ला, चल.”

“फोनवर नाही,” बाबा म्हणाले. “समोर येऊ दे. हे तोंडावर सांगायचं असतं. मी सगळ्यांदेखत बोललो होतो, सगळ्यांदेखत परत घेईन. तू ये त्या दिवशी. सीझन संपला की येईल तो.”

चाचांनी माझ्याकडे बघितलं आणि “इन्शाल्ला” म्हणाले. लिफ्टपर्यंत सोडायला गेले तेव्हा ते मला म्हणाले, “बेटा, तो सीझन कवा संपतो?” मी म्हटलं, मेच्या मध्यात. चाचा टोपी काढून डोकं पुसत राहिले.

डॉक्टर मेचं नाव घेत नाहीत.

हे सगळं तू त्यांच्या तोंडून ऐकायला हवं होतंस, ते मी आधीच सांगून टाकलं. मुद्दाम सांगितलं. आता तरी निघ.

ताई


अझैबा, २८ एप्रिल

आशू,

आजच्या फोनवर तू पुन्हा तेच म्हणालास. “ताई, त्यांनी पहिल्यांदा माझ्यावर काहीतरी सोपवलंय. ते अर्धवट टाकून आलो तर त्यांच्यासमोर कसा उभा राहू?” पुढे म्हणालास की सहा नंबरनंतर आणखी दोघांचे पाय दुखावलेत, कोच आता तुझं ऐकायला लागलेत, तू निघालास तर पुन्हा ऐकणार नाहीत. हे सगळं खरं असेल.

इथे काय आहे ते ऐक. बाबा आता पलंगावरच असतात. त्यांना कूस बदलून द्यावी लागते, आणि मला ते नीट जमत नाही, त्यांना दुखतं. औषधाने झोपून असतात. जागे झाले की विचारतात, “किती मॅच राहिल्या?” मी सांगते. ते मान हलवतात. एकदा मी खोटं सांगितलं, एकच राहिली म्हणून. तर डोळे न उघडता म्हणाले, “गेल्या वेळी तीन होत्या. मध्ये रविवार कुठे झाला?”

तुम्ही दोघं एकमेकांना शब्द देऊन बसलायत, आणि त्यांना खायला, पुसायला, उठवायला मी आहे. मला तुम्हा दोघांचाही राग येतो. हे लिहिल्यावर वाईट वाटतंय. पण खोडत नाही.

मधू


अझैबा, २० मे

आशू,

बाबा गेले तेव्हा दुपार होती. मी त्यांच्या ओठांना ओला कापूस लावत होते, तेव्हा ध्यानात आलं की श्वास थांबलाय. शेवटचं काही बोलले का, असं तू विचारलंस. नाही. आदल्या दिवसापासून ते बोललेच नव्हते. काहीतरी जोडून सांगावं असं मनात आलं होतं, पण तुझ्याशी तरी खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय.

फोनवर तू म्हणालास, “शनिवारी शेवटची मॅच आहे. संपली की निघतो. तोपर्यंत थांबव.” मला आधी कळेचना काय थांबवायचं. कळलं तेव्हा मी फोन ठेवला. आणि मी थांबले नाही. त्यांना शवागारात ठेवून तुझ्या मॅचची वाट बघायची माझी तयारी नव्हती. तो माझा निर्णय होता. तुला राग आला असेल तर तो माझ्यावर धर.

शुक्रवारी सकाळी सगळं झालं. शाळेतले काही जण आले होते, बंदरातले दोन जुने लोक होते, चाचा होते. अग्नी मी दिला. तिथल्या माणसाने विचारलं, “मुलगा नाही का यांना?” मी काही बोलायच्या आत मागून चाचा म्हणाले, “हाय ना. कामाला हाय.” त्या माणसाने मान डोलावली. इथे सगळ्यांचंच कुणी ना कुणी कुठेतरी कामाला असतं.

मग चाचा बाजूला जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. घरी परतताना गाडीत म्हणाले, “मला बोल्ला होता, त्या दिवशी तू ये. मी नवी दिशदाशा शिवून ठेवली होती.”

तुमची टीम खाली गेली हे मी रविवारी सकाळी वाचलं. मला वाईट वाटलं, याचंच नवल वाटलं.

काल तू फोन केलास. तू फार वेळ रडलास आणि मग विचारलंस, “ताई, मी चुकलो का? यायला हवं होतं का?” मी म्हटलं, नंतर बोलू. चाचा म्हणतात, त्याला सांग की नाही चुकलास, बापाचं ऐकलंस, पोराला जगू दे. सगळे हेच म्हणतील. पण तुला माहीत होतं की मी काय म्हणेन, म्हणूनच तू मला विचारलंस.

हो. यायला हवं होतंस. त्यांनी नाही म्हटलं तरी यायला हवं होतंस. दारात तुला बघून ते ओरडले असते, काम सोडून आला म्हणून, आणि मग जे बोलायचं ते बोलले असते. ते आता कुणीच बोलू शकत नाही. माझ्या पत्रातून तुला कळलं ते वेगळं, आणि त्यांच्या तोंडून ऐकणं वेगळं. आयुष्यभर हा फरक तुला लागणार आहे. मी तो कमी करू शकत नाही.

तू म्हणालास, आता येऊन काय करू, आता तिथे कोण आहे.

आशू, नऊ महिने मी तुला पत्रं लिहितेय. त्यातल्या एकाचंही उत्तर देताना तू मला विचारलं नाहीस की ताई, तू कशी आहेस. बाबांनीही विचारलं नाही. मीही सगळ्या पत्रांत त्यांचंच लिहीत राहिले, तेव्हा दोष तुला एकट्याला देत नाही. आता विचारलंस तर सांगते. मला झोप लागत नाही. शाळेतून आल्यावर मी किल्ली हातात घेऊन जिन्यात बसून राहते, कारण आत गेलं की टीव्हीसमोर ती खुर्ची आहे. परवा वरच्या मजल्यावरच्या प्रेमाताईंनी मला तिथून उठवून घरी नेलं आणि जेवायला वाढलं.

जूनअखेर फ्लॅट सोडायचाय. पुढे कुठे जायचं ते मी ठरवलेलं नाही.

इथे कोण आहे असं विचारलंस ना? मी आहे. ये.

मधू